पाठीवरचे कोरडे डाग

खोगीर आलं तेव्हा घरातली सगळी माणसं अंगणात होती. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या मेहुण्याने ते निमगाव केतकीहून स्वतःच्या गाडीतून आणलं होतं. खताच्या पोत्यात गुंडाळलेलं. पोतं सोडलं आणि काळं कातडं उन्हात चमकलं. खोल बैठक, दोन्ही बाजूंना सरळ खाली उतरणारे लांब पाखे, पितळी कड्या.

“कानपूरचा माल हाय, दाजी,” मेहुणा दादाला म्हणाला. “हात तर फिरवून बघा. लोणी हाय, लोणी.”

दादाने हात फिरवला. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कातड्याचा वास घेतला आणि मान डोलावली. वहिनी दारात उभी होती. माहेरची वस्तू सासरच्या अंगणात सगळे कौतुकाने बघत होते आणि ती पदर सावरत एकदा भावाकडे, एकदा दादाकडे बघत होती.

“किती द्यायचं, पाहुणं?” दादाने विचारलं.

“भाचीला दिलंय. पैशाचं नाव काढलं तर जेवायचा न्हाय.”

अशा रीतीने माझ्या मुलीच्या घोडीसाठी खोगीर निवडलं गेलं. घोडी त्या वेळी गोठ्यात होती. तिला कोणी बाहेर आणलं नाही.

मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. बारामतीबाहेर माळावर घोडेस्वारी शिकवण्याचं एक मैदान आहे, तिथे ती दोन वर्षं जात होती. शिकवणारे सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. सगळे त्यांना सर म्हणतात. तिने ड्रेसाज निवडलं होतं. यात उड्या नसतात, शर्यत नसते. आखलेल्या चौकोनात घोड्याने ठरलेल्या जागी ठरलेली चाल चालायची, वळायचं, थांबायचं. स्वाराने काय सांगितलं ते बघणाऱ्याला दिसता कामा नये. त्यावर परीक्षक गुण देतात. आबांनी एकदा तासभर बसून हे बघितलं आणि शेवटी विचारलं, “आनि मग जायचं कुठं?”

घोडी आमच्याच घरची. तांबूस कुमैत रंगाची, बसक्या बांध्याची, आखूड पाठीची, मडक्यासारख्या गोल पोटाची. भीमेच्या खोऱ्यातली ही जुनी जात. तिला भीमथडी म्हणतात. आमच्याकडे मेंढरं होती तोवर तिची आई आणि आजी आमचं बिऱ्हाड वाहत होत्या. मेंढरं पाच वर्षांपूर्वी विकली. आता लासुर्ण्याजवळच्या रानात डाळिंब, ऊस आणि थोडी ढोबळी मिरची असते. घोडीला काम उरलं नाही. दादाचं म्हणणं सरळ होतं आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बिनकामाचं जनावर दावणीला ठेवायचं नाही. इंदापूरचा एक वरातीचा घोडेवाला दोनदा येऊन तिला बघून गेला होता. ढोलापुढं नाचायला शिकवतो, म्हणाला होता.

मुलगी रडली नाही. तिने दादाकडे मुदत मागितली आणि त्याने ती दिली. जानेवारीत पुण्याला स्पर्धा होती. तोवर घोडी स्वाराखाली नीट चालली आणि त्या चौकोनात उतरली, तर राहील. नाही तर जाईल.

सरांच्या मैदानावरची खोगिरं उड्या मारणाऱ्यांची होती. त्यात बसलं की गुडघा पुढे जातो आणि पाय लांब सोडता येत नाही. आमच्या घोडीवर ती सरकतही होती. मापाने बनवून घेतलेलं नवं खोगीर आमच्या आवाक्यातलं नव्हतं. जास्तीत जास्त पंचवीस हजार घालता येतील, असं मी सांगितलं होतं. सर म्हणाले, जुनं शोधा, पण घोडी आधी मोजा. काय काय बघायचं ते त्यांनी सांगितलं आणि मी वहीत उतरवून घेतलं. आतला सांगाडा तुटलेला नसावा. पाठीवर टेकणाऱ्या दोन गाद्यांच्या मधे कण्यासाठी तीन बोटांची फट असावी. पुढची कमान खांद्याला चिमटा घेणारी नसावी. आणि गादी शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून मागे वजन पेलायला हाडांचा आधार नसतो. मी टेप लावून मोजलं होतं. खांद्याच्या फऱ्यामागून शेवटच्या बरगडीपर्यंत साडेसोळा इंच.

पाहुणा जेवून गेल्यावर मी तीच टेप काळ्या खोगिराला लावली. गादी एकोणीस इंच भरली. मग मुलीने घोडी बाहेर आणली आणि आम्ही खोगीर तिच्या पाठीवर ठेवलं. ते बसलं नाही. पुढून उचललेलं राहिलं, अरुंद दारात अडकलेल्या बाजेसारखं. कमानीखाली मी बोटं घालून बघितली. ती आत गेली नाहीत.

मुलीने माझ्याकडे पाहिलं.

“सांगायचं का?”

मी टेप गुंडाळून खिशात टाकली. “बघू,” म्हणालो.

यामागे कारण होतं. वहिनीच्या माहेरचं आणि आमचं येणंजाणं दोन वर्षं बंद होतं. एका लग्नात मानपानावरून झालेली गोष्ट होती आणि चूक आमच्याकडची होती. त्या दोन वर्षांत वहिनी एकदाही माहेरी गेली नव्हती. खोगीर घेऊन तिचा भाऊ अंगणात उतरला, ते त्याने टाकलेलं पहिलं पाऊल होतं. ते परत करणं म्हणजे काय, हे घरात कोणाला समजावून सांगावं लागलं नसतं. ते ठेवून दुसरं घेणंही तितकंच अशक्य दिसत होतं. मी वीस वर्षं वर्तमानपत्रात काम केलं आहे. माहीत असलेली गोष्ट योग्य वेळी न सांगणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशीही माहीत होतं.

ऊस तोडून मोकळ्या झालेल्या एका तुकड्यात मुलीने फक्कीने चौकोन आखला होता. चाळीस मीटर लांब, वीस रुंद. कडेला रंगाचे रिकामे डबे, प्रत्येकावर एक अक्षर. एका बाजूला बांध होता, उरलेल्या तिन्ही बाजूंना डोक्यापेक्षा उंच ऊस उभा होता. आत गेलं की रस्ता दिसत नसे, वारा लागत नसे, भवानीनगरकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांचा आवाज तेवढा ऐकू येई. रोज सकाळी त्या दोघी तिथे असत. मी बांधावर बसून नोंदी ठेवी.

पहिल्या आठवड्यात घोडी पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना कान मागे टाकू लागली. दुसऱ्या आठवड्यात तिने मान वळवून मुलीच्या बाहीला दात लावले. तिची पावलं आखूड झाली. डावीकडे वळायचं म्हटलं की ती आख्ख्या अंगाने फळीसारखी वळायची. खोगीर काढल्यावर सगळी पाठ घामाने भिजलेली असे आणि खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन कोरडे डाग असत. कडा स्पष्ट, जणू शिक्का मारलेला.

मी सरांना फोन केला. ते त्या महिन्यात स्वतःच्या मुलीकडे बंगळूरला होते. कोरडा डाग दोन कारणांनी पडतो, असं त्यांनी सांगितलं. एक तर खोगीर तिथे टेकतच नाही, म्हणून घाम सुटत नाही. किंवा इतकं रुततं, की घाम सुटूच शकत नाही. दोन्ही डाग दिसायला सारखे.

“फोटोवरून मी काही सांगणार नाही,” ते म्हणाले. “हात लावून बघावं लागतं. आणि हात जाणता पाहिजे.”

घरात जाणता हात आबांचा, याबद्दल कोणाला शंका नव्हती. आजही शेजारच्या वाडीवरून शेळीचं पोट फुगलं तरी माणसं आबांकडे येतात. त्यांनी गोठ्यात येऊन डाग बघितले. लांबूनच, हात मागे बांधून.

“कोरडं हाय म्हंजी तितं खोगीर टेकतच न्हाय. पोकळ हाय. भर घाला.”

“आबा, कमान अरुंद आहे,” मुलगी म्हणाली. “बोटं जात नाहीत खाली.”

“बोटं कशाला घालतीस? बसायचंय का बोटं घालायचीत?” आबा हसले. मग घरात जाऊन त्यांनी स्वतःचं घोंगडं आणलं, चौपदरी केलं आणि खोगिराखाली घातलं. “आता बघ. म्हातारीला नवरी करून सोडली.”

मुलीने तंग आवळला. आबांच्या घोंगड्याला नको म्हणणं ही पाहुण्याच्या खोगिराला नको म्हणण्याहून वेगळी गोष्ट नव्हती.

घोंगड्याने पहिले दोन दिवस बरं वाटलं. घोडी नुसती गोंधळली असावी. तिसऱ्या दिवशी तिने चौकोनाच्या मधोमध थांबून पुढे यायला नकार दिला. आबांनी घोंगड्याची आणखी एक घडी घातली. दादा बांधावरून जाताना थांबला, थोडा वेळ बघितलं आणि कोणाला उद्देशून नव्हे अशा आवाजात म्हणाला, “घोडेवाला परवा फोनवर हुता.”

पाचव्या दिवशी घोडी उसात शिरली. उधळली नाही. वळणावर ती सरळ चालत राहिली, डब्यांच्या मधून गेली आणि मुलीला पाठीवर घेऊन पाच-सहा सऱ्या आत जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो. उसाची पानं दोन्ही बाजूंनी इतकी लागलेली होती की घोडीला मागे सरता येत नव्हतं, मुलीला उतरता येत नव्हतं आणि मला तिच्या डोक्यापर्यंत पोचता येत नव्हतं. मुलीच्या दंडांवर पानांचे लाल ओरखडे उठले होते. ती रडत नव्हती.

“पुढं जायचं नाही म्हणतेय,” ती म्हणाली. “मागंही नाही.”

माझी आई पलीकडच्या बांधावर गवत कापत होती. आवाज ऐकून ती विळा घेऊन पलीकडून उसात आली, पानं बाजूला करत घोडीच्या खांद्याशी पोचली आणि तिने तंग सोडला. मग मुलीला आपल्या अंगावर रेलवून उतरवून घेतलं. खोगीर बाजूच्या उसावर टेकवलं. घोंगड्याखाली हात घातला आणि तो तिथेच ठेवला.

“हे कुणी घातलं?”

“आबांनी.”

“त्यांनी कधी घोडी लादलीया?”

उत्तर मला माहीत होतं आणि ते मी इतके दिवस वापरलं नव्हतं. दिवाळीनंतर आम्ही मेंढरं घेऊन कोकणाकडे निघायचो तेव्हा पुरुष मेंढरांबरोबर पुढे जात. मागून बायका घोड्या घेऊन येत. पीठ, भांडी, रात्री मेंढरं कोंडायची वाघुरी, चालता न येणारी कोकरं, कोंबड्या, सगळं घोडीवर. सकाळी लादायचं बायकांनी, मुक्कामाला उतरवायचं बायकांनी. पाच वर्षांचा होईपर्यंत मीही त्या लादलेल्या सामानाचा भाग होतो. पडू नये म्हणून आई मला पिठाच्या पोत्याला दोरीने बांधत असे. कमरेभोवती दोन वेढे, वर गाठ. हलता येत नसे. दिवसभर खाली घोडीची पाठ आणि पुढे आईचा पदर एवढंच दिसे. घोडीच्या पाठीबद्दल त्या घरात कोणाला विचारायचं, हे मला इतरांच्या आधी सुचायला हवं होतं.

आईने मुलीचा हात धरून कोरड्या डागावर ठेवला.

“काय लागतंय?”

“गरम.”

“पोकळ जागा गार लागती. ही तापलीया. आता अंगठ्यानं दाब. हळू.” घोडीची पाठ हाताखालून खाली गेली. “बघितलंस? मुका जीव अंग चोरतोय. हितं कातडंच आवळून धरलंय, घाम कुठनं येनार?” मग ती माझ्याकडे वळली. “अंगात बसंना झालेली चोळी, तिच्या आत आनि एक चोळी घातली तर सैल व्हती का रं?”

“आय, तुला कधी कळलं?”

“पोत्यातनं काढलं तवाच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू का न्हाय बोललास? तुज्याकडं तर टेप हुता.”

घोडीला उसातून बाहेर काढायला अर्धा तास लागला. पुढच्या दोन सऱ्या कापाव्या लागल्या. दादाच्या परवानगीशिवाय त्या आईने कापल्या. बांधावर आल्यावर, मुलगी घोडीला घेऊन पुढे गेल्यावर, आई बोलली. सूनबाई दोन वर्षांत पहिल्यांदा भावाला वाढत होती, असं ती म्हणाली. तिच्या ताटातला घास काढून घोडीला कसा घालू?

पंधरा दिवस पाठीवर काही ठेवायचं नाही, असं ठरलं. जानेवारीला सात आठवडे होते. दादाला फक्त एवढं सांगितलं की पाठ दुखतेय. आई रोज मिठाच्या कोमट पाण्याने डाग शेकायची. सूज उतरल्यावर सरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे आम्ही कुंपणाची जाड तार घेतली. ती घोडीच्या पाठीवर, फऱ्यामागे तीन बोटं सोडून, आईने दोन्ही हातांनी दाबून वाकवली. तो आकार डाळिंबाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आखला आणि कापला. पसरट, रुंद कमान तयार झाली. काळ्या खोगिराच्या कमानीत तो पुठ्ठा अर्ध्यातच अडकला.

पुण्यात एक जुनी रायडिंग शाळा आपलं सामान विकायला काढत होती. गोदामात वीसेक खोगिरं दांडीवर टांगलेली होती. मुलीने एकेकाच्या कमानीखाली पुठ्ठा धरला, मागे टेप लावली आणि पुढे गेली. चमकणारी कातडी खोगिरं बहुतेक सगळी अरुंद निघाली. एक रुंद होतं, त्याचा सांगाडा दाबल्यावर करकरला. विकणारा म्हणाला, “मॅडम, पुठ्ठ्यावर काय जाता? बसून तर बघा.” ती बसली नाही. पुठ्ठा ज्यात हलकेच टेकला ते खोगीर कातड्याचं नव्हतंच. कृत्रिम कापडाचं, उन्हाने राखाडी पडलेलं, बैठकीची शिवण उसवलेली. लहान मुलांसाठी बनवलेलं. पण पुढची लोखंडी पट्टी बदलून कमान आणखी रुंद करता येत होती आणि गादी सोळा इंच होती. किंमत ठरवल्यापेक्षा कमी पडली. शिवण आम्ही इंदापूरच्या बाजारात घालून घेतली.

घोडीवर ते बसलं. पुढून तीन बोटं, मधून उजेड, मागे शेवटच्या बरगडीच्या अलीकडे. बैठक मात्र मुलीला लहान होती. तासाभराने मांड्या वळायच्या.

“मला थोडं अडतंय, आजी,” ती म्हणाली.

“तुला सांगता येतंय,” आई म्हणाली. “तिला येत न्हाय. अडू दे.”

दहा दिवसांनी खोगीर काढल्यावर पाठ एकसारखी भिजलेली दिसली, मधे कण्याची कोरडी रेघ सोडून. आबा बघायला आले. या खेपेला त्यांनी हात पुढे केला आणि घोडीच्या पाठीवरून फिरवला. ओला तळवा धोतराला पुसला. “ते बायकांचं काम हाय,” एवढंच म्हणाले आणि दोरीवर वाळत घातलेलं आपलं घोंगडं उचलून घरात घेऊन गेले.

स्पर्धेत घोडी चौकोनात उतरली, थांबायच्या जागी थांबली आणि डावीकडे वळली. नंबर आला नाही. दादा आला नव्हता. त्याने ते मोबाइलवर बघितलं. त्या आठवड्यात त्याने कडब्याची एक गाडी जास्त सांगितली. घोडेवाल्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. मुदत संपली, असंही कोणी म्हणालं नाही.

काळं खोगीर पुढच्या खोलीत खुंटीवर आहे. पाहुणा आता महिन्यातून एकदा येतो. निघताना वहिनीला फोन करतो. निमगाव केतकीहून आमच्या घरापर्यंत यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात घोडी बाहेर आणून तिच्यावर काळं खोगीर ठेवायचं असतं. तंग फक्त पहिल्या भोकात. राखाडी खोगीर त्या वेळी दिसत नाही. ते कडब्याच्या गंजीमागे कोण नेऊन ठेवतं, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा मी आधी घरी होतो. वहिनी ते पदराखाली घेऊन परसात चालली होती. माझ्याकडे बघून ती थांबली नाही.

मागच्या खेपेला पाहुण्याने घोडीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला.

“कसं फिट्ट बसलंय बघा, दाजी! जनू हिच्यासाठीच केलंय.”

“व्हय की,” दादा म्हणाला.

घोडीने कान मागे टाकले. खांद्यामागचं कातडं माशी बसल्यासारखं थरथरलं. माशी नव्हती.

“पाहुणं, ताटं वाढलीत,” आईने दारातून हाक दिली. पाहुणा आत गेला, पाटावर बसला. वहिनीने पहिली भाकरी वाढली. आई अंगणात आली आणि नातीला हळू म्हणाली, “काढ आता.”

सगळं मिळून दहा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात घाम येत नाही, त्यामुळे डाग पडत नाहीत.